६० हजारांत पहिला गेमिंग पीसी : आधी भिंतीतलं सॉकेट बघ

निपाणीजवळच्या एका गावातल्या डिप्लोमाच्या मुलानं विचारलंय. बाबांनी तंबाखूच्या पैशातले ६० हजार रुपये कॉम्प्युटरसाठी बाजूला ठेवलेत. दुकानातून आणलेलं कोटेशन त्यानं पुढं ठेवलंय. त्यात इंटेल आय५ १२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ‘५०० वॉट’ एवढंच लिहिलेला एसएमपीएस (मशीनच्या पार्टांना वीज पुरवणारा डबा) आणि पुढं काच, आत सहा रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट. मॉनिटर घरात आहे, थोरल्या भावाचा जुना १८.५ इंची. खेळायचंय व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि त्याच्याच शब्दांत ‘फुडं येतील ते’. प्रश्न तीन : कोटेशन बरोबर आहे काय, काय बदलू, आणि कोल्हापुरात घेऊ की बेळगावात?

तुझा प्रोसेसर चांगला आहे, तो राहू दे. बोर्डही चालेल. कार्ड, एसएमपीएस, रॅम आणि कॅबिनेट मात्र बदल. पण त्याआधी एक काम सांगतो, त्याला पैसे जवळपास लागत नाहीत आणि दुकानदार ते कधी सांगत नाही. कॉम्प्युटर जिथं ठेवणार आहेस तिथलं सॉकेट वायरमनकडून तपासून घे.

मी वीस-बावीस वर्षं मशिनं जोडतोय आणि त्याहून जास्त बिघडलेली उघडतोय. माझ्या टेबलावर येणाऱ्या मेलेल्या मशिनींत प्रोसेसर गेलेलं मशीन वर्षातून एखादंच. बाकीची येतात ती विजेनं मारलेली. पुण्या-बंगळूरच्या पोरांनी केलेले व्हिडिओ बघून पार्ट निवडतोस ते ठीक, पण त्यांच्या फ्लॅटमधली वीज आणि आपल्याकडची वीज यांत फरक आहे. गावाला थ्री फेज आला की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि घरातला पंखा मंद होतो, हे तुला मी सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की काय होतं तेही तू बघतोसच.

आता अर्थिंग. जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या मोठ्या भोकाला मागं तारच नसते. अशा ठिकाणी कॉम्प्युटर लावला तर तो चालतो, म्हणून कुणाला कळत नाही. पण एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडं जाणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांचं काम विजेतला कचरा जमिनीत सोडणं. जमीनच नसली की तो सगळा भार पत्र्यावर साचतो आणि कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट, म्हणजे मेन्सच्या निम्मे दिसतात. करंट नगण्य, माणूस मरत नाही, पण अनवाणी पायानं हात लावलास की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर दिवा लागतो. ‘जरा शॉक मारतंय, बाकी बरं हाय’ म्हणत लोक वर्षानुवर्षं तसंच वापरतात. मग एक दिवस चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय वायर जोडायला जातात. टीव्हीकडं डिशच्या वायरमधून जमीन पोचलेली असते, कॉम्प्युटरकडं नसते, आणि वायर टेकताक्षणी कार्डाचा पोर्ट जळतो. असे पोर्ट मी किती बघितलो याची मोजदाद नाही. वायरमनला सांग, फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लाव, फेज आणि न्यूट्रलमध्ये येतात जवळपास तेवढेच व्होल्ट तिथंही आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर काही नको. नसेल तर परड्यात नवीन अर्थिंग घालून घे. बाबांना हा खर्च पटवणं सोपं आहे, कारण तो फ्रिजला आणि गिझरलाही लागतो.

दुसरं, न्यूट्रल तुटणं. खांबावर न्यूट्रल सुटली की काही घरांत २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब जातो. एका गल्लीतले सगळे टीव्ही एका मिनिटात गेलेले मी बघितलेत. ‘स्पाइक गार्ड’ म्हणून दुकानात मिळतो तो बहुतेक वेळा लाल दिवा लावलेला एक्स्टेन्शन बोर्डच असतो. चांगला असला तरी तो क्षणभराचा झटका पचवतो, मिनिटभर टिकणारा जादा दाब नाही. त्यासाठी मेन बोर्डात एमसीबीशेजारी बसणारा जादा-कमी व्होल्टेज तोडणारा रिले मिळतो. दाब हद्दीबाहेर गेला की तो अख्ख्या घराचा पुरवठाच तोडतो. माझ्या मते, गेमिंग माऊसपेक्षा त्याची गरज मोठी.

तुझ्या कोटेशनमधला ‘५०० वॉट एसएमपीएस’ मला सगळ्यात जास्त खटकतो. त्याच्यापुढं कंपनीचं नाव नाही, आणि दुकानदारानं ते विसरून ठेवलेलं नाही. असे एसएमपीएस कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ येतात. हातात घेऊन बघ, आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतला माणूस कास्टिंग उचलूनच माल ओळखतो, तसा एसएमपीएसही बराचसा वजनावर कळतो. (बराचसा म्हणालो, कारण आत नुसता लोखंडी ठोकळा चिकटवून वजन वाढवलेलेही मी उघडलेत.) खरी परीक्षा बाजूच्या लेबलावर आहे. तिथं १२ व्होल्टच्या ओळीखाली अँपिअरचा आकडा शोध. फुकटातल्या एसएमपीएसवर तो बऱ्याचदा १६ असतो. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. ५०० हा आकडा मग फक्त स्टिकरवर. तुझा प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत खाऊ शकतो आणि मी जे कार्ड सुचवणार आहे ते १३२. बेरीज २४९ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास २१ अँपिअर. एसएमपीएस देणार १६. तो पहिल्या दिवशी जळणार नाही. दिवाळीत घेतलास तर मे महिन्यात, खेळ ऐन रंगात असताना जाईल, आणि जाताना एकटा जाणार नाही.

हे मी स्वतः केलेलं पाप आहे. धंद्यात नवा असताना खानापूरकडच्या एका मुलाला मशीन जोडून दिलो. बजेट कमी पडत होतं, तर मी एसएमपीएसमध्ये ८०० रुपये वाचवलो आणि त्या पैशात मोठं कार्ड बसवलो. पोरगा खूश, मी खूश. पहिल्या वळवात वीज गेली, आली, परत गेली आणि एसएमपीएसनं मदरबोर्ड, कार्ड आणि हार्ड डिस्क तिन्ही बरोबर नेलं. हार्ड डिस्कवर त्याचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट होतं. त्याचे वडील दुकानात आले, भांडले नाहीत, नुसते बसून राहिले. तेव्हापासून माझ्या कोटेशनमध्ये एसएमपीएस पहिल्या ओळीत असतो.

तुला नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ शिक्का (वीज कमी वाया घालवतो याची खूण) असलेला पुरेल. १२ व्होल्टच्या ओळीत ३५ अँपिअरच्या आसपास किंवा वर आकडा हवा, आणि कार्डासाठी ६+२ पिनांची वायर त्यातूनच आलेली हवी, जोड लावून नको. आणखी एक गोष्ट लेबलावर बघ : इनपुट ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलंय की ‘२००-२४०’. मोटारी चालू झाल्या की तुझ्याकडं दाब १८० वर येत असणार, तेव्हा पहिल्या प्रकारचा एसएमपीएस निवांत चालतो. दुसऱ्या प्रकारचा तिथं डळमळतो आणि मशीन मध्येच रिस्टार्ट होतं. लोक मग विंडोज परत परत टाकत बसतात.

यूपीएस या ६० हजारांत बसणार नाही, तो नंतर घे. घेशील तेव्हा ६०० व्हीएचा घेऊ नकोस. व्हीए म्हणजे वॉट नव्हेत, ६०० व्हीएवर साधारण ३६० वॉट मिळतात आणि आतली छोटी बॅटरी गेम चालू असताना चार-पाच मिनिटांत मान टाकते. १००० व्हीएच्या पुढं बघ, तोही गेम संपवून मशीन नीट बंद करायला, खेळत राहायला नव्हे. घरी इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे काय ते बघून त्यावर लाव आणि मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेव. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चांगला एसएमपीएस त्यावर कधी कधी कुरकुरतो, कधी सरळ बंद पडतो. तो एसएमपीएसचा दोष नाही.

आणि वळीव गडगडायला लागला की प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून बाहेर हवी. तेवढीच महत्त्वाची इंटरनेटची वायर. लोक मेन प्लग काढतात आणि राउटरची लॅन वायर तशीच ठेवतात. तारेतून येणारं इंटरनेट खांबावरून येत असेल तर वीज त्या वाटेनं येते आणि मदरबोर्डचा लॅन पोर्ट मारते. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडं अशी चार-पाच मशिनं येतातच.

विजेचं एवढं पुरे. आता दुसरं टोक, म्हणजे मॉनिटर, कारण ग्राफिक्स कार्ड किती मोठं हवं ते मॉनिटर ठरवतो. भावाचा १८.५ इंची मॉनिटर बहुधा १३६६ गुणिले ७६८ चा असेल आणि त्याला निळी व्हीजीए वायर असेल. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतं. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर काहीशे रुपयांत मिळतो, तो घे आणि पहिले सहा महिने त्यावर काढ. माझा सल्ला काही लोकांना पटत नाही. ते म्हणतात, नवा मॉनिटर आत्ताच घे आणि कार्ड हलकं घे. मी उलट सांगतो, कारण मॉनिटर दिवाळीला आठ-दहा हजारांत वेगळा आणता येतो, कार्ड मात्र एकदा हलकं घेतलंस की ते विकून वर पैसे घालण्यात पंधरा-वीस टक्के पाण्यात जातात. पुढं घेशील तो २४ इंची, १९२० गुणिले १०८०, आयपीएस पॅनेल, १०० हर्ट्झ किंवा वर. चौदाशे चाळीसच्या, म्हणजे त्याहून बारीक चित्राच्या मॉनिटरच्या मागं लागू नकोस, ते वेगळ्या बजेटचं काम आहे.

तर १०८० वर चालणारं कार्ड. जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचं, ४ जीबी मेमरीचं. वाईट नव्हतं, आमच्याकडं कित्येक पोरांनी त्याच्यावर चार वर्षं काढली. पण आज नवीन घ्यायचं ते नव्हे. नव्या गेमना ४ जीबीत चित्रं मावत नाहीत. मग गेम थांबत थांबत चालतो आणि पोराला वाटतं प्रोसेसर कमी पडतोय. तुझ्या बजेटात माझी पहिली पसंती एएमडीच्या आरएक्स ६६०० ला. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेलं, ८ जीबी, १३२ वॉट, एकच आठ पिनांची वायर. १६५० च्या दुपटीहून जास्त काम करतं. विजेला हलकं असल्यामुळं आपल्याकडच्या एसएमपीएस-इन्व्हर्टरच्या हिशोबात नीट बसतं, हेही माझ्या पसंतीचं एक कारण. साठा संपला असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०५० बघ, तेही ८ जीबी आणि १३० वॉट. दोन्हींतलं त्या दिवशी जे स्वस्त पडेल ते.

इथं एक सापळा आहे. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत, एक ८ जीबीचं आणि एक ६ जीबीचं. फरक नुसता मेमरीचा नाही. ६ जीबीवालं ७० वॉटवर चालणारं, आतून लहान कार्ड आहे. दुकानदार ‘तीन हजार पन्नासच की’ म्हणेल, पण बिलावर जीबी लिहून घे. त्याहून जुना सापळा जीटी ७३०. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून अजून विकतात. ते २०१४ चं आहे आणि मॉनिटरवर चित्र दाखवण्यापलीकडं त्याच्याकडून काही होत नाही. व्हॅलोरंटसाठी त्याच्यापेक्षा आजच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स बरं.

सेकंडहँड कार्ड घेऊ काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण कोल्हापूरला गेलास की कुणीतरी दाखवेल. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनानं कार्डांवरचं मायनिंग (कार्डाकडून गणितं करून घेऊन चलन कमावणं) बंद पाडलं आणि रात्रंदिवस राबवलेली हजारो कार्डं बाजारात आली, त्यातली आरएक्स ५८० अजून फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं मी म्हणणार नाही. काही मालकांनी ती पोटच्या पोरासारखी ठेवली होती. पण ज्याचं हे पहिलं मशीन आहे, ज्याच्या घरी बदलून बघायला दुसरं कार्ड नाही, त्यानं जुनं कार्ड घेऊ नये. दोष कार्डात आहे की आणखी कुठं, हेच त्याला शोधता येत नाही. जुनं घ्यायचं तर रॅम घे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपा एआयच्या डेटा सेंटरांकडं वळल्या आणि रॅमचे भाव भडकले. रॅम सहसा मरत नाही. जुनी डीडीआर४ पट्टी घेऊन रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवायची, एकही चूक दाखवली नाही तर बिनधास्त वापरायची, दाखवली तर सकाळी परत.

रॅमविषयी कोटेशनमधली चूक अशी की १६ जीबीची एकच पट्टी आहे. ८-८ च्या दोन घे. प्रोसेसर मेमरीशी दोन वाटांनी बोलू शकतो, एकच पट्टी लावली तर एक वाट बंद. व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. ‘पुढं वाढवायला सोपं जाईल म्हणून एकच दिली’ हे दुकानदाराचं उत्तर ठरलेलं. अर्धं खरंही आहे, कारण एच६१० बोर्डावर दोनच जागा असतात. पण चार वर्षांनंतरच्या सोयीसाठी आज रोज अडखळायचं, हे मला पटत नाही. लावल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडायच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते आणि कुणी सांगत नाही.

प्रोसेसर का ठेवला, तेही सांगतो. १२४००एफ मध्ये सहा कोर, बारा थ्रेड आहेत, आरएक्स ६६०० ला पुरून उरतो, डब्यात पंखा येतो. शेवटचं ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडून महिनाभर वॉरंटीला गेलं तर मॉनिटर काळा. डिप्लोमाचा अभ्यास त्या महिन्यात अडणार असेल आणि एफ नसलेल्या १२४०० मध्ये फरक हजार-दीड हजाराचाच निघत असेल, तर मी बिनएफचा घेईन. एएमडीचा रायझन ५ ५६०० त्याच तोडीचा, स्वस्त मिळाला तर बी४५० किंवा बी५५० बोर्डावर तो घे, काही बिघडत नाही. आय७ मात्र कुणी सुचवला तर हसून सोडून दे. या बजेटात आय७ म्हणजे कार्डाचे पैसे प्रोसेसरनं खाल्ले.

आणि एच६१ (तुझा एच६१० नव्हे) बोर्डावर तिसऱ्या पिढीचा आय५, वर ‘गेमिंग पीसी’ असं स्टिकर, १५-२० हजारांत, अशा जाहिराती तू पाहिल्या असशीलच. तो प्रोसेसर २०१२ चा. विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, तुझ्या बोर्डात दोन्ही आहेत. बायोसमध्ये बंद असले तर चालू करायचे, एवढंच.

एसएसडी ५१२ जीबी चालेल, फक्त एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची आहे ना ते बघ. एकेक गेम शंभर जीबी घेतो म्हणून तीन-चार गेममध्ये भरेल, मग जुना काढायचा. घरात जुनी हार्ड डिस्क असेल तर सिनेमे तिच्यावर टाक, गेम नको.

कॅबिनेट. पुढं काच म्हणजे पुढून हवा नाही. सहा पंखे आतलीच गरम हवा घुसळत राहतात, दिसायला यात्रेतल्या पाळण्यासारखं. ‘काका, झगमगायला पायजे की!’ असं दहातली आठ पोरं म्हणतात आणि मी त्यांना रागवत नाही, वय आहे. पण पुढं जाळीचं कॅबिनेट घे, मग हवे तर एक-दोन पंखे रंगीत लाव. जाळीमागं निघणारा धूळगाळा हवा. आपल्याकडं त्याचं काम दुसरीकडच्यापेक्षा जास्त आहे. खानापूर-बेळगावच्या बाजूला तांबडी माती, तुझ्याकडं काळी, आणि घर तंबाखूच्या वखारीजवळ असेल तर तिसरीच धूळ. वखारीतल्या ऑफिसांची मशिनं मी उघडलीत. पंख्यांवर तपकिरी, चिकट थर बसलेला असतो, फुंकर मारून निघत नाही आणि शिंका थांबत नाहीत. गाळा दर पंधरा दिवसांनी धुवायचा, पूर्ण वाळवून मगच बसवायचा. मागच्या बाजूला कार्डांच्या रिकाम्या फटींना पट्ट्या लावलेल्या असू देत. पावसाळ्यात ऊब बघून पाली आत जातात, आणि एसएमपीएसमध्ये गेलेली पाल एसएमपीएसला घेऊनच जाते. पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद ठेवू नकोस, रोज तासभर चालू ठेवलं की आतला दमटपणा निघून जातो.

पैशांची वाटणी अशी धर : कार्डाला २२ ते २४ हजार, प्रोसेसर आणि बोर्ड मिळून १८ च्या आत, एसएमपीएसला ४ ते साडेचार. उरलेल्यात रॅम, एसएसडी, कॅबिनेट. भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळं कुठं हजार इकडं-तिकडं होईल. कमी पडलं तर आधी कॅबिनेटमध्ये कापायचं, मग एसएसडीत, मग प्रोसेसरमध्ये. एसएमपीएसला हात लावायचा नाही. विंडोजचं लायसन्स आणि कीबोर्ड-माऊस यात धरलेलं नाही. फुकटच्या ‘ॲक्टिवेटर’मधून काय काय आत येतं ते मी रोज काढत असतो, म्हणून ते नको.

आता कोल्हापूर की बेळगाव. तुला कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास, बेळगाव त्याहून बरंच लांब. सीमा ओलांडली म्हणून कर बदलत नाही. या पार्टांना जीएसटी दोन्हीकडं १८ टक्केच, त्यामुळं ‘महाराष्ट्रात स्वस्त’ किंवा ‘कर्नाटकात स्वस्त’ असं काही नसतं, दुकानागणिक फरक असतो. मी दोनच गोष्टींवर ठरवेन. एक, पक्कं बिल देतो काय, आणि प्रत्येक पार्टाचा सिरीयल नंबर बिलावर लिहितो काय. ‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ म्हणणाऱ्याकडून उठून यायचं, मग तो मराठीत बोलो की कन्नडात. दोन, पार्ट बिघडला तर तो स्वतः सर्व्हिस सेंटरला पाठवणार की तुलाच कुरियर करायला लावणार, हे आधीच स्पष्ट विचार. तीन वर्षांत एकदा तरी ही वेळ येते आणि तेव्हा पाचशे रुपये स्वस्त दिलेला माणूस आठवत नाही. घासाघीस जरूर कर. बेळगावच्या बाजारात ‘कम्मी माड्री’ म्हटलं की दुकानदार निदान हसतो, आणि हसला की एचडीएमआय वायर फुकट मिळते. सगळे पार्ट एकाच दुकानातून घे. पाच ठिकाणांहून मागवून दोन हजार वाचवलेला मुलगा बिघाड झाल्यावर पाच जणांमध्ये चेंडू होतो, प्रत्येक जण दुसऱ्याच्या पार्टाकडं बोट दाखवतो.

दुकानात मशीन जोडून झालं की लगेच उठू नकोस. अर्धा तास कुठलाही जड गेम किंवा टेस्ट चालवायला लाव आणि तापमान बघ. कार्ड ७० ते ७५ अंश, प्रोसेसर त्याच्याच आसपास, तर ठीक. दुकानात एसी असेल तर मे महिन्यात तुझ्या माळवदाखाली त्यात आठ-दहा अंश मिळवून धर. घरी आल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लाव, वर मदरबोर्डजवळ असलेल्या जागेत नव्हे. हसू नकोस, ‘गेम चालंना’ म्हणून येणाऱ्या नव्या मशिनींत हे दुखणं नेहमीचं. एफच्या प्रोसेसरवर तर तिथं चित्रच येणार नाही आणि तुला वाटेल मशीन मेलं. नवा मॉनिटर आणशील तेव्हा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ हातानं वाढव, नाहीतर १०० चा मॉनिटर ६० वरच राहतो.

बाबांनी विचारलंय म्हणालास, अभ्यासाला उपयोग होईल काय. ऑटोकॅड यावर सहज चालतं, डिप्लोमाच्या पातळीचं थ्रीडी मॉडेलिंगही. तेवढं त्यांना सांग. गेममधला पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) मात्र कार्डानं कमी होणार नाही, त्यासाठी वायफाय सोडून राउटरपासून लॅन वायर ओढ.

एक राहिलं. कोल्हापुरातून एसटीनं येणार असशील तर दुकानातून निघण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात घाल. जड कार्ड स्लॉटात लटकत ठेवून खड्ड्यांतून आणलं की स्लॉट तडकतो आणि ते वॉरंटीत बसत नाही. कॅबिनेट सीटखाली आडवं, काचेची बाजू वर, आणि कार्डाचं खोकं मांडीवर.